बायणा, तिसरा मजला

खिडकीतून समुद्र दिसतो, दोनशे पावलांवर,
आणि मी बादलीत समुद्र कालवतो.
गाळलेलं पाणी, पिशवीतलं मीठ,
रात्रभर घुरघुरणारा छोटा पंप.
कायतान दारात उभा राहून हसतो:
"सायबान फुकट दिल्लो दर्या तुका उणो पडलो?"
मी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून त्याला दाखवतो.
काळं. धक्क्यावरचा कोळसा.
तो हसायचा थांबतो, चहा मागतो.

फांदी बंगळुरूहून आली, रात्रीच्या बसने,
थर्मोकोलच्या खोक्यात, करंगळीएवढी, जांभळी.
कुणाच्या तरी टाकीत वाढलेली, कात्रीने छाटलेली.
समुद्र तिने पाहिलेलाच नाही.
दगडाला चिकटवली,
सुलक्षा चपलेला लावते त्याच गोंदाने.

आई म्हणाली, "झाड आणलंस?"
झाड नव्हे, जनावर. जनावरांची चाळ.
एकेका भोकात एकेक भाडेकरू, प्रत्येकाला आठ हात.
"खातात काय?"
येईल ते. पण वारं लागतं, पाण्याचं वारं,
कधी इकडून, कधी तिकडून.
"आणि भाडं?"
मी विजेचं बिल पुढं केलं.

तिच्या खोलीच्या दारावर, काचेच्या चौकटीत,
इंद्रजाल आहे.
बाबांनी शिरोड्याच्या जत्रेतून आणलेलं, काळं, जाळीदार,
घराला नजर लागू नये म्हणून.
हे विकणं आता गुन्हा आहे, मी एकदा म्हणालो.
"मी कुठं विकतेय?"
दर अमावास्येला ती त्याला ऊद दाखवते,
आणि धूर पंपाच्या नळीतून माझ्या टाकीत उतरतो.
ते काय होतं, कुठं उभं होतं,
हे मी तिला कधी सांगितलं नाही.

फांदी मिटली.
तीन दिवस म्हटलं, प्रवासाचा शीण.
पाचव्या दिवशी तिच्यावर मेणासारखी साय धरली,
आठव्या दिवशी शेवाळाचा एक केस.
मी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो,
यंत्राचं दुखणं मला कानाने कळतं.
ही आवाजच करत नव्हती.

दहाव्या रात्री वीज गेली.
पाणी अठ्ठावीस, मग एकोणतीस.
मी कारखान्यातून बर्फाच्या बाटल्या आणल्या,
झाकणं घट्ट आवळून टाकीत तरंगत सोडल्या.
कायतानने टॉर्च धरला.
बराच वेळ नुसताच धरला, मग म्हणाला,
"आमच्या जाळ्यात यायची ही. सुपाएवढी. दाराएवढी.
जाळं फाटता म्हूण आमी मोडून उडयतालें."
किती?
तो बोटं मोजू लागला
आणि दुसऱ्या हातावर जायच्या आधीच थांबला.

अकराव्या रात्री, अडीच वाजता,
टॉर्चला लाल कागद गुंडाळून मी पाहिलं.
साय सुटून कोपऱ्यात पडली होती,
कुणी उतरवलेल्या मोज्यासारखी.
आणि फांदीला अंगभर लव आली होती.
लव नव्हे, हात.
पिचकारीने कोळंबीच्या पिल्लांचा एक थेंब सोडला.
जवळचे आठ मिटले. मग शेजारचे.
बातमी फांदीभर वर सरकत गेली.

आई पाणी प्यायला उठली होती.
चष्मा लावून काचेला नाक टेकवून बघत राहिली.
टोकाला फुटलेला फाटा, तसाच आडवा, जाळीदार.
"हे आपल्या दारावरचं?"
मी हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या अमावास्येला तिने ऊद लावला नाही.
धूर पंपात जातो म्हणालास ना, एवढंच बोलली.
चौकट उतरवली, ओल्या फडक्याने काच पुसली,
पुन्हा त्याच खिळ्याला टांगली.
फडकं काळं निघालं.
ते तिने पिळलं कुठल्या बादलीत,
हे मी दोनदा जाऊन पाहून आलो.